नाबोथाचा मळा आणि आपली कृतज्ञता

शब्बाथशाळेत नाबोथाची गोष्ट सांगितली नाही असा शिक्षक आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. ही गोष्ट मुलांना आवडते, कारण तिच्यात चांगले कोण आणि वाईट कोण हे चटकन कळते. अहाब लोभी राजा, ईजबेल दुष्ट राणी, नाबोथ गरीब मळेवाला आणि एलीया निर्भय संदेष्टा. गोष्ट संपली की आपण विचारतो, "यातून काय शिकलात?" मुले म्हणतात, "दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये." उत्तर बरोबर असते. तास संपतो आणि आपण प्रार्थना करून घरी जातो.

परंतु १ राजे, अध्याय २१ सावकाश वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. नाबोथावर धोंडे अहाबाने टाकले नाहीत, ईजबेलनेही टाकले नाहीत. पत्रे गेली ती नाबोथाच्या गावच्या वडिलांना व सरदारांना. त्यांनी उपवास जाहीर केला, सभा भरवली, नाबोथाला लोकांपुढे बसवले, दोन साक्षीदार आणले आणि देवाची निंदा केल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत केला. सर्व काही रीतसर झाले. देवाचे नाव घेऊन झाले. ते वडील दरोडेखोर नव्हते; गावात ज्यांच्या शब्दाला मान होता अशी ती माणसे होती. आज असती तर आपल्या मंडळीत पुढच्या बाकांवर बसली असती.

हा शास्त्रभाग आज आमच्यापुढे आला तो एका राणीमुळे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांची शेवटची राणी लिलिउओकलानी यांनी राज्य गमावल्यानंतर आपली हकिकत पुस्तकरूपाने लिहिली. ते पुस्तक १८९८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस त्यांनी अमेरिकेच्या जनतेला नाबोथाच्या मळ्याची आठवण करून दिली आणि अहाबाची शिक्षा मुलाबाळांच्या पिढीवर येऊ शकते असे सुचविले. अमेरिकेच्या ख्रिस्ती लोकांना ही आठवण करून देणारी राणी स्वतः ख्रिस्ती होती. पवित्र शास्त्र तिला अमेरिकन मिशनऱ्यांच्याच शाळेतून मिळाले होते.

वाचक म्हणतील, हवाई कोठे आणि आपण कोठे? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १८१० साली अमेरिकेत परदेशांत सुवार्ता पाठविण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्यालाच आपले वाडवडील 'अमेरिकन बोर्ड' म्हणत. या बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. पुढे नगर, सोलापूर, सातारा या भागांत शाळा, दवाखाने व मंडळ्या उभ्या राहिल्या. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यातील कित्येक घराण्यांची मुळे त्या मंडळ्यांत आहेत. त्याच बोर्डाने १८१९ साली 'थॅडियस' नावाच्या जहाजातून आपली दुसरी एक तुकडी बोस्टनहून पाठविली. ती १८२० साली हवाईला पोहोचली. म्हणजे हवाईच्या मंडळ्या आणि आपल्या मंडळ्या एकाच आईच्या लेकी म्हणावयास हरकत नाही.

तेथे गेलेल्या मिशनऱ्यांनी केलेले काम सोपे नव्हते. त्यांनी हवाईयन भाषेला लिपी दिली, छापखाना घातला, गावोगाव शाळा काढल्या. १८३९ पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेत उतरले. लोक इतक्या उत्साहाने लिहावाचावयास शिकले की साक्षरतेत ते राष्ट्र जगातल्या पुढारलेल्या देशांच्या पंक्तीला बसले. विल्यम रिचर्ड्स नावाच्या मिशनऱ्याने मिशनची नोकरी सोडून राजाचा सल्लागार होणे पत्करले. टिमोथी हाअलिलिओ या हवाईयन सरदाराबरोबर तो युरोपात गेला, आणि १८४३ साली ब्रिटन व फ्रान्स यांच्याकडून हवाईच्या स्वातंत्र्याला लेखी मान्यता मिळवून आला. ही गोष्ट आपण विसरू नये. मिशनऱ्यांची पहिली पिढी त्या राज्याचे स्वातंत्र्य राखण्यासाठी झटली होती.

मग पन्नास वर्षांत असे काय घडले, की त्याच मिशनऱ्यांच्या मुलांनी व नातवांनी ते राज्य बुडविले?

प्रथम जमीन आली. १८४८ साली तेथील जमिनीची राजा, सरदार व सरकार यांच्यात वाटणी झाली. १८५० साली परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास बोर्डानेही आपल्या माणसांना सांगितले की, यापुढे स्वतःच्या पायांवर उभे राहा. १८६३ साली बोर्डाने हवाईचे काम संपल्याचे ठरविले. मिशनऱ्यांच्या मोठाल्या कुटुंबांना उदरनिर्वाह हवा होता, मुलांना शिक्षण हवे होते. काही तेथेच राहिले, जमीन घेतली, दुकाने घातली, ऊस लावला. यात कोणी चोरी केली असे नाही. कॅसल आणि कुक ही पुढे गाजलेली व्यापारी पेढी १८५१ साली मिशनच्याच दोन माजी सेवकांनी काढली. त्यांतले आमोस कुक हे सरदारांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेचे गुरुजी होते, आणि लहानगी लिलिउओकलानी त्यांची विद्यार्थिनी होती.

नंतर करार आला. १८७५ साली अमेरिकेने हवाईची साखर जकातीशिवाय घेण्याचे मान्य केले आणि उसाचे मळे झपाट्याने वाढले. कराराची मुदत वाढविताना, १८८७ साली, पर्ल हार्बर हे बंदर अमेरिकन आरमाराला वापरण्यास मिळाले. त्याच वर्षी मळेवाल्यांच्या गटाने शस्त्रांच्या धाकाखाली राजा कालाकाउआ यांच्याकडून नव्या घटनेवर सही घेतली. लोक तिला 'संगिनीची घटना' म्हणत. तिने राजाचे अधिकार काढून घेतले. वरिष्ठ सभागृहासाठी मालमत्तेची वा उत्पन्नाची अट घालून बहुसंख्य हवाईयन लोकांचा मताधिकार बुडविला, आणि मळ्यांत राबणाऱ्या चिनी व जपानी लोकांना तर मतदानातून पूर्णपणे वगळले. ही घटना तयार करण्यात पुढाकार होता लॉरिन थर्स्टन यांचा. १८२० च्या तुकडीतील मिशनरी एसा थर्स्टन यांचे ते नातू.

१८९० साली अमेरिकेने जकातीचा कायदा बदलला आणि हवाईच्या साखरेची सवलत संपली. बेटे अमेरिकेचाच भाग झाली तर ही अडचण उरणार नव्हती. १८९१ साली कालाकाउआ वारले आणि त्यांची बहीण लिलिउओकलानी गादीवर आल्या. प्रजेच्या अर्जांना मान देऊन त्यांनी जानेवारी १८९३ मध्ये नवी घटना देण्याचे योजिले. थर्स्टन आणि त्यांच्या मंडळींना हे निमित्त पुरे झाले. अमेरिकेचे वकील जॉन स्टीव्हन्स त्यांना सामील होते. १६ जानेवारीस 'बोस्टन' या युद्धनौकेवरून १६२ सशस्त्र खलाशी व शिपाई होनोलुलूत उतरले. कारण सांगितले, अमेरिकन लोकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण. परंतु ते शिपाई जाऊन थांबले राजवाड्याच्या व सरकारी कचेरीच्या जवळ. दुसऱ्या दिवशी राणींना पदच्युत केल्याचे जाहीर झाले आणि स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारला तत्काळ मान्यता देऊन टाकली. त्या सरकारचे अध्यक्ष सॅनफर्ड डोल हेही मिशनऱ्याचेच पुत्र.

रक्तपात टळावा म्हणून राणींनी माघार घेतली. पण शरण गेल्या त्या बंडखोरांना नव्हे, तर अमेरिकेच्या बलाला. आणि सत्य समजल्यावर अमेरिका हा अन्याय दूर करील असा भरवसा त्यांनी निषेधपत्रात व्यक्त केला. पौलाने जसा कैसराकडे न्याय मागितला तशातलाच हा प्रकार होता.

हा भरवसा अगदीच वेडा नव्हता. नवे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी सामीलीकरणाचा तह मागे घेतला, चौकशीसाठी जेम्स ब्लाउंट यांना पाठविले, आणि डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला कळविले की आपल्या प्रतिनिधीच्या साहाय्याने एका दुबळ्या मित्रराष्ट्राचे सरकार उलथविले गेले आहे आणि हा अन्याय निवारण्याचा प्रयत्न करणे आपल्या राष्ट्राचे कर्तव्य आहे. त्यांनी डोल यांना पायउतार होण्यास सांगितले. डोल यांनी काय उत्तर दिले? हवाईच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्याचा अमेरिकेच्या अध्यक्षांना हक्क नाही! अमेरिकन शिपायांच्या छायेत जन्मलेल्या सरकारचे हे उत्तर. क्लीव्हलँड यांनी प्रकरण काँग्रेसवर सोपविले आणि तेथे ते पडून राहिले.

१८९५ मध्ये राणीच्या पक्षाचा उठाव फसला. राणींवर खटला चालला आणि त्यांच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत त्यांना कैदेत ठेवण्यात आले. त्या कैदेत त्यांनी एक प्रार्थनागीत रचले, आणि त्यात वैऱ्यांचा सूड न मागता त्यांच्यासाठी क्षमा मागितली. १८९७ साली सामीलीकरणाच्या विरोधात हवाईयन स्त्रीपुरुषांनी बेटाबेटांवर फिरून २१,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. हवाईयन वंशाची एकूण लोकसंख्या तेव्हा ४०,००० च्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या सह्यांचा अर्थ कळतो. तहाला लागणारी दोनतृतीयांश मते सिनेटमध्ये मिळेनात. पण १८९८ साली स्पेनशी युद्ध पेटले, मनिलाकडे जाणाऱ्या आरमाराला वाटेत कोळशाचे ठाणे हवे झाले, आणि साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने ७ जुलै १८९८ रोजी हवाई अमेरिकेत सामील करण्यात आले.

ही एका लहान राज्याची हकिकत असली तरी अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणाला तिने एक वळण लावले. आधी भांडवल जाते, मग करार होतो, मग बंदर मिळते, मग 'आपल्या माणसांच्या रक्षणासाठी' शिपाई उतरतात, आणि अखेर सोयीच्या सरकारला मान्यता मिळते. १८९८ च्या अखेरीस स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपाईन्स घेतले गेले. अध्यक्ष मॅकिन्ले यांनी त्या धोरणाला परोपकाराचे नाव दिले. तीनशे वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेल्या त्या लोकांना सुधारण्याच्या गोष्टी बोलल्या गेल्या. स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो लोकांशी १८९९ पासून १९०२ पर्यंत युद्ध झाले. त्यात ४,२०० हून अधिक अमेरिकन आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो योद्धे मेले. लढाई, दुष्काळ व पटकी यांत मेलेल्या सामान्य जनांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. त्यानंतर १९०१ साली क्यूबाच्या कारभारात हात घालण्याचा हक्क, १९०३ साली पनामा, १९१५ पासून १९३४ पर्यंत हैती, १९५४ साली ग्वातेमाला. प्रत्येक ठिकाणची हकिकत वेगळी, पण पायऱ्या ओळखीच्या आहेत. आपण भारतीयांना तर त्या अधिकच ओळखीच्या वाटाव्यात. कंपनी सरकारही वखारीच्या रक्षणापासूनच सुरू झाले होते. हा दोष कोणा एका राष्ट्राच्या रक्ताचा नाही. आणि न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की १८९८ मध्ये बोस्टन येथे साम्राज्यविरोधी संघ स्थापन करणारे लोकही अमेरिकनच होते, व मार्क ट्वेनसारखा लेखक त्यात सामील झाला होता.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगल्या हेतूने गेलेल्या माणसांच्या घरातून हे कसे निघाले?

हवाईला गेलेले मिशनरी मूळचेच ढोंगी होते असे म्हणून मोकळे होता येते. पण मग मुंबईला आलेल्यांचे काय? तेच बोर्ड, तीच शिकवण, तशीच माणसे. फरक होता तो स्थितीत. हॉल आणि नॉट मुंबईस आले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचा हुकूम काढला होता. अर्जविनंत्या करून ते कसेबसे राहिले. येथे त्यांच्या हाती राज्य नव्हते, राजाचा कान नव्हता, उसाचे मळे नव्हते. हॉल १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. मागे शिकवण ठेवून गेले, मालमत्ता नव्हे. सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळांसाठी आयुष्य वेचले आणि त्या नगरलाच मातीआड झाल्या. आपल्याकडे आलेले अधिक पवित्र होते असे नव्हे. त्यांना तो मोह झाला नाही, कारण मोहाची वस्तू दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होती.

आम्हांला वाटते, साम्राज्याचे पाप समजून घ्यावयाचे तर येथून सुरुवात केली पाहिजे. ते केवळ लोभी माणसांचे पाप नाही. सेवा आणि हितसंबंध एकाच घरात राहू लागतात, आणि काही वर्षांनी घरच्यांनाच त्यांतला भेद दिसेनासा होतो. "आम्ही या लोकांसाठी इतके केले" येथपासून "आमच्यावाचून यांचे चालणार नाही" येथपर्यंत फार अंतर नाही, आणि तेथून "म्हणून हे आमच्या हाती असलेले बरे" हे एकच पाऊल. त्या पावलाला देवाचे नाव देता येते, तेव्हा मागे ओढणारे कोणी उरत नाही. इज्रेलच्या वडिलांनी उपवास जाहीर केला होता, तो याचसाठी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, त्या काळच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नये. पण क्लीव्हलँड त्याच काळचे होते. सह्या करणारे २१,००० लोक त्याच काळचे होते. अन्यायाला अन्याय म्हणणारे तेव्हाही होते. त्यांचे ऐकले गेले नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहू नये, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. मग शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल आजच्या माणसांनी क्षमा का मागावी? आमचे उत्तर असे: दोष वारशाने येत नाही, पण मळा वारशाने येतो. ज्याच्या हाती तो मळा आला, त्याला तो कोठून आला हे विचारणे भाग आहे.

अमेरिकन बोर्डाचा वारसा आज ज्या चर्चकडे आहे, त्या 'युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट' ने हा प्रश्न स्वतःला विचारला. तिच्या महासभेने १९९१ साली ठराव केला, आणि १७ जानेवारी १९९३ रोजी, राणींना पदच्युत केल्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तिच्या अध्यक्षांनी होनोलुलूत हवाईयन लोकांची जाहीर क्षमा मागितली. पुढे त्या चर्चने हवाईयन मंडळ्यांना व लोकांना निधी आणि जमीनही दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसने क्षमायाचनेचा ठराव केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. सुमारे १८ लाख एकर जमीन हवाईयन लोकांच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून अमेरिकेकडे गेली, हे त्या ठरावात कबूल केले आहे. पण या ठरावाने कोणताही दावा निकालात निघत नाही, असेही त्यातच लिहिले आहे. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की या ठरावामुळे त्या जमिनी विकण्याचा हवाई राज्याचा अधिकार जात नाही.

शास्त्राकडे पुन्हा वळू. एलीयाचे शब्द ऐकून अहाबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले, उपवास केला. देवाने त्याची दीनता पाहिली आणि शिक्षा त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबविली. अहाबाचा पश्चात्ताप खोटा होता असे शास्त्र म्हणत नाही. पण त्याने मळा परत केला असेही म्हणत नाही. नाबोथाचे वारस असतील तर त्यांना काय मिळाले, याबद्दल त्या अध्यायात एक अक्षर नाही. याउलट जक्कयाने, प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा, उभे राहून आकडा सांगितला: अर्धे गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याच्या चौपट परत. तारणाची गोष्ट प्रभूने त्या आकड्यानंतर काढली.

मग आपण, ज्यांना त्याच बोर्डाच्या हातून सुवार्ता मिळाली, कृतज्ञ राहावे की नाही? राहावे. पण खरी कृतज्ञता डोळे मिटून घेत नाही. वडिलांनी आपल्याला शिकविले म्हणून त्यांनी शेजाऱ्याचा बांध सरकविला असेल तर तो झाकावा असे नाही. उलट त्यांनीच शिकविलेल्या आज्ञा आपल्याला तो बांध दाखवितात. लिलिउओकलानींनी हेच केले. मिशनने दिलेले पुस्तक त्यांनी फेकून दिले नाही. ते उघडून, देणाऱ्यांच्याच वारसांपुढे धरले.

आणि हा आरसा दूरच्या अमेरिकेपुढे धरून आपली सुटका नाही. मिशनरी गेले, बंगले, आवारे, शाळा, जमिनी आपल्या हाती आल्या. गरिबांसाठी म्हणून दिलेल्या त्या वस्तू आज कोणाच्या उपयोगी पडतात? पंचवीस वर्षे कमिटीवर राहिलेला मनुष्य सेवा करीत असतो यात शंका नाही. पण "माझ्यावाचून चालणार नाही" असे त्याला वाटू लागले, की तोही त्या बेटांच्या वाटेला लागला. साम्राज्य होण्यासाठी युद्धनौका लागतेच असे नाही.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी नाबोथाची गोष्ट सांगून झाली की, "यातून काय शिकलात?" या प्रश्नाआधी मुलांना आणखी एक प्रश्न विचारा: "मळा शेवटी कोणाकडे राहिला?" मुले पाने उलटून पाहतील. उत्तर सापडत नाही असे ती म्हणाली, तर घाई करू नका. तो तास थोडा लांबला तरी चालेल.